डोकंच तर दुखते!

"डोकंच तर दुखते, मॅडम!" हे वाक्य आमच्या वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की आम्ही डॉक्टर चहाला बसलो तरी त्याचेच किस्से निघतात. आधीच्या आजारानं नाहीतर औषधानं प्रतिकारशक्ती गेलेली, त्यात आठवडेच्या आठवडे डोकेदुखी आणि बारीक ताप. म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही.

*

नालवाडीचे एक रिटायर मास्तर. किडनी बदललेली, ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू. पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात बुरशी! कबुतरांच्या विष्ठेत असते ती. विचारलं, "घरी कबुतरं येतात?"

"गच्चीभर! रोज ज्वारी टाकतो. पुण्याचं काम आहे!"

बायको म्हणाली, "पुण्य याइचं, झाडू माह्या हातात!"

मास्तर वाचले. नजर गेली. परवा तपासणीला आले तेव्हा बायकोला हळूच विचारत होते, "येतेत का वं अजून?"

*

समुद्रपूरकडचे एक कंडक्टर. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेली पुडी वर्षभर खाल्ली. "जादूची पुडी, मॅडम! जिना धावत चढत होतो!" जादू स्टेरॉइडची होती. तिनं प्रतिकारशक्ती खाल्ली आणि टीबी मेंदूपर्यंत पोचला. त्यांना एकाचे दोन दिसायला लागले.

मला म्हणाले, "तुमच्या दोघीतली जे मोठी डॉक्टर असन, तिनं सांगा. मी घरी कधी जाईन?"

दोघींनाही सांगता आलं नाही.

*

साखर कधीच आटोक्यात नसलेल्या एक काकू. डोकं दुखतं म्हणून आधी चष्मा बदलला, मग दाढ काढली, मग कुणी सांगितलं म्हणून घराचं दार पूर्वेला केलं. मेंदूच्या टीबीचं निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता.

मुलगा म्हणाला, "नवीन दारातून पह्यली तिरडी आईचीच निघन."

*

एक ट्रकड्रायव्हर. एचआयव्हीच्या गोळ्या मधेच सोडलेल्या. काऊन? "तब्येत मस्त झालती ना!" डोक्यात बुरशी, दाब भयंकर; तो उतरवायला पाठीतलं पाणी काढणं भाग होतं. पण सोबत आलेले त्याचे मामा अडून बसले, "पाठीतलं पाणी काढलं का माणूस लुला होते!" शेवटी तोच ओरडला, "मामा, लुला होऊ द्या, पण हे डोकं थांबवा!"

पाणी काढलं आणि तो चक्क हसला. मामा इतके खूश की शेजारच्या दमेकऱ्याला सांगत सुटले, "तुम्ही बी काढून घ्या!"

त्याच आठवड्यात मामांनीच त्याला घरी नेलं. चादरीत.

*

आणि केळझरचं एक जोडपं. भाजीपाला पिकवणारं. तिला ल्यूपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार; त्यासाठी स्टेरॉइड, त्यातून मेंदूचा टीबी. ती नवऱ्यालाच ओळखेना. त्याला भाऊ म्हणायची.

"भाऊ, आमच्या घरच्याइले निरोप देजा. म्हणा, मी नाई वाचली तं दुसरी करा. पण रागानं जेवण सोडत नोका जाऊ. मले लय घोर लागते."

"सांगतो, बाई," तो म्हणायचा.

मी त्याला म्हटलं, "अहो, सांगा ना तिला, तुम्हीच नवरा म्हणून!"

तो खाली बघून म्हणाला, "नवऱ्याजवळ ते इतकी कधी बोललीच नाई, मॅडम."

ती बरी झाली, हळूहळू. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी पलंगावर बसून त्याला विचारत होती, "अहो, तो भाऊ दिसत नाई? रोज जवळ बसे. भला माणूस होता."

"गेला तो गावाले."

"त्याच्याजवळ तुमच्यासाठी निरोप देल्ला होता मी. भेटला का तुमाले?"

त्यानं पिशवी उचलली.

"भेटला," तो म्हणाला.