बैलांचं गाणं

माळ घातली की माणूस निर्धास्त होतो म्हणतात. मी उलटा धास्तावलो. आधी मी तमाशाच्या फडात गायचो. मोठ्या आजारातून उठलो, गावातल्या बुवांकडून तुळशीची माळ घेतली आणि जुनं गाणं पुन्हा ओठांवर आणणार नाही अशी शपथ घेतली. ढोलकीसुद्धा देऊन टाकली. ती गाणी आठवली तरी अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं, आणि मेली रोज आठवायची! देवानं आपल्याला खरंच पदरात घेतलंय का, हा किडा डोकं पोखरत राहायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर आटली. धाकटा भाऊ गाळ काढायला खाली उतरला. मोटेच्या नाड्याला, त्या जाड दोराला, पाटी बांधायची आणि बैलांनी ती वर ओढायची, असं काम चाललं होतं. वर मी आणि भावजय. अचानक एका अंगाची दरड सुटली. माती कोसळतच होती. भावानं नाडा काखेखालून बांधून घेतला आणि ओरडला, "दादा, वढ!"

पण दरडीच्या आवाजानं बैल बुजले. पाय रोवून उभे. चाबूक ओढावा तर उधळतील आणि भाऊ दगडांवर आपटेल. मी अभंग धरला. बैलांचा कानही हलला नाही. घोडेगावच्या बाजारातून ही खोंडं आणल्यावर मोटेची चाल मीच त्यांना शिकवली होती, एका लावणीवर. त्यांना तेवढं एकच गाणं ठाऊक.

खालून हाक आली, "दादा, बैलांचं गानं म्हन!"

हात माळेवर गेला. शपथ मोडली तर देव जाईल, पाळली तर भाऊ. "देवा, आता तुझं तू बघ," म्हणालो आणि तोंड उघडलं.

"हळू चाल साजणा, वाट निसरडी..."

फडात या ओळीवर शिट्ट्या पडायच्या. त्या दिवशी माझा आवाज फाटत होता, पण बैलांनी पाय उचलला. ठेक्यागणिक एक पाऊल, कुठं हिसका नाही. भावाचं डोकं काठाशी दिसलं तरी मी गातच राहिलो. त्याला आम्ही बाहेर ओढलं, आणि मागे उरलेली दरड विहिरीत बसली.

संध्याकाळी माळ काढून बुवांपुढे ठेवली. शपथ मोडल्याचं सांगितलं.

"म्हनताना मनात कोन हुतं?" त्यांनी विचारलं.

"देवच."

"मग घाल ती माळ."

गाणी मी घाण म्हणून देवाच्या पायाशी टाकली होती. त्यानं ती जपून ठेवली. आपण वाहून मोकळं व्हावं, ठेवायचं काय ते त्यानं ठरवावं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या साली पडलेली दरड उपसल्यावर विहिरीला पाणी लागलं. भाऊ मोटेवर तेच गाणं म्हणत होता. मला बघून गप्प झाला. मी जवळ गेलो आणि त्याचा चुकलेला अंतरा दुरुस्त करून दिला.