कारंज्याच्या टिनाच्या शेडमध्ये लटकणारे आम्ही

खडक चढणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात. आमच्या पदरी घट्टे कमी आणि किस्सेच जास्त पडलेत! कारण साधं आहे. आमच्या कारंजा गावात चढण्याजोगा कडाच नाही. त्यासाठी सुट्टी काढून एसटीनं लांब जावं लागतं. एरवी सरावासाठी आमच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या शेडमध्ये आम्ही तिघं लटकतो. मी, शाळेत पीटी शिकवणारा प्रफुल्ल आणि दवाखान्यात नर्स असलेली रूपाली. छताच्या लोखंडी अँगलला पट्टे, पट्ट्यांना लाकडी रिंगा, खाली जुन्या गाद्या. झाली जिम!

*

रिंगांचं पार्सल प्रफुल्लच्या घरी आलं तेव्हा तो शाळेत होता. शेजारच्या काकूंनी ते घेतलं, आणि घेतलंच आहे तर उघडूनही पाहिलं. दोन गोल कड्या, मजबूत पट्टे. संध्याकाळी प्रफुल्ल आला तर काकू दारातच उभ्या.

"पाळणा तं आणला लेका, पण लगन कवा केलं? सांगतलं बी नाही!"

*

नामदेवकाका फिरायला निघाले की शेडमध्ये डोकावतात.

"काहून लटकून राह्यले रे?"

"काका, लटकल्यानं दंडात ताकद येते," प्रफुल्ल म्हणाला.

काका मान हलवत गेले. कोपऱ्यापर्यंत पोचले आणि परत आले.

"मंग वटवाघळायच्या दंडाले बेटकुळ्या काहून नसतात?"

 

*

प्रफुल्लचे भाऊजी वाशीमला रोज जिममध्ये जातात. टी-शर्टच्या बाह्यांत दंड मावत नाहीत. "हे तं पोट्ट्यायचे झोके!" म्हणत त्यांनी एकदा शेडमध्ये येऊन दोन्ही रिंगा धरल्या आणि अंग वर उचललं. रिंगा कुठे स्थिर राहतात? एक इकडे पळाली, एक तिकडे, आणि भाऊजी व्हायब्रेशनवर ठेवलेल्या मोबाईलसारखे थरथरायला लागले. शेवटी गादीवर आले.

"कड्या ढिल्या हायेत! पाना आना!"

रूपाली नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं त्याच रिंगा धरल्या, सरळ वर गेली आणि तिथूनच म्हणाली, "भाऊजी, वर तं काही ढिलं दिसत नाही. गादीवर पाहा बरं!"

*

माझंही ऐका. पट्ट्यात पाय अडकवून, हात जमिनीवर टेकवून मी अंग सरळ धरून होतो. घाम गळत होता. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. बघत राहिली.

"पाण्याचा ड्रम सरकव म्हटलं तं कंबर दुखते नं तुही?"

*

आणि हा रूपालीच्या बाबांचा.

पुण्याच्या क्लाइंबिंग स्पर्धेसाठी रूपालीची निवड झाली. वर्षभर ती ड्यूटी संपवून थेट शेडवर येत होती. पण बाबा अडून बसले. "पोरीनं भिंतीवर चढाचं अन् लोकायनं पाहाचं? जमणार नाही!" त्या संध्याकाळी ती शेडवर आली, पण रिंगांकडे बघतही नव्हती. डोळे सुजलेले. 

तेवढ्यात बाबाच शेडमध्ये शिरले. "हे लचांडच काढून फेकतो!" आम्ही नको नको म्हणेपर्यंत शिडी लावून वर चढले. अँगलपर्यंत हात पोचला आणि शिडी घसरली! खाली पडताना हाताला रिंगा लागल्या. बाबांनी त्या घट्ट धरल्या आणि डोळे मिटले.

गादी पायांखाली जेमतेम हातभर होती. प्रफुल्ल सांगायला निघाला. रूपालीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"बाबा, खांदे कानापासून खाली घ्या. श्वास सोडा."

"रूपे, शिडी लाव!"

"पोट आत घ्या. हां, मस्त! पुण्याले जाऊ का?"

"तू शिडी लाव आधी!"

"बाबा, जाऊ का?"

"जा माय, जा! मुंबईले जा, दिल्लीले जा, पण शिडी लाव!"

रूपालीनं शिडी आणून लावली. बाबांनी चाचपत एक पाय पायरीवर ठेवला. मग हळूच पुन्हा उचलला.

"थांब जराशी," ते डोळे मिटूनच म्हणाले, "पाठ मोकळी होऊन राह्यली!"