मागच्या सीटचं बटन

“मागं कोण बसतंय?”

गाडीला डेक बसवायला कुणीही आलं की काकांचा पहिला प्रश्न हाच. गाडी कोणती, बजेट किती, स्क्रीन केवढी पाहिजे, हे सगळं नंतर. आणि हा प्रश्न ते गिऱ्हाइकाकडे बघून विचारत नसत. मागचं दार उघडून, अर्धं अंग आत घालून, सीटवरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बाजूला सारत विचारत.

परभणीत जिंतूर रोडला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक फळी, फळीवर वायरींचा गुंता, आणि बाहेर लिंबाखाली एक गाडी उभी राहील एवढी जागा. पाटीवर नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. सगळे डेकवाले काका म्हणत. साठीच्या पुढचे, ठेंगणे, सदऱ्याच्या खिशात टेस्टर आणि चष्म्याला मागून बांधलेला दोरा. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याच्याकडे काम कधी वेळेवर होत नाही आणि तरी लोक त्याच्याकडेच जातात.

मी गेलो तो अभ्यास करून गेलो होतो. हायस्कूलला गणित शिकवतो मी, अंदाजपंचे काही घेणं जमत नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याची जुनी गाडी तीन वर्षांपूर्वी घेतली होती. तिच्या डेकचा डिस्प्ले मेला होता, आवाज तेवढा चालू होता. नवीन सगळं पंधरा हजारांत बसवायचं असं घरात ठरलेलं. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून मी वहीत तक्ता केला: दहा इंची स्क्रीन, मागचा कॅमेरा, आणि खोक्यावर पाच हजार वॅट लिहिलेला, आवाज मोठा करणारा एक अँप.

काकांनी तक्ता चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला.

“पाच हजार वॅट,” ते म्हणाले. “सर, एवढे वॅट असते तर आपण पेडगावला लाईट दिली असती.”

मला राग आला. महिन्याचा अभ्यास होता तो. पण ते तोवर मागच्या दारात शिरले होते.

“मागं कोण बसतंय?”

“कोणी नाही. पुढे मी आणि बायको. आई बसायची मागे, पण हल्ली येत नाही ती.”

“का येत न्हाईत?”

“घरीच बरं वाटतं म्हणते.”

काका दारातून बाहेर आले. “बरं वाटतंय, असं म्हणल्या?”

“हो.”

“त्यांना घेऊन या. मग बघू डेकचं.”

आता तुम्हीच सांगा, डेक घ्यायला गेलेल्या माणसाच्या आईची चौकशी कशाला? तिथून मी तडक दुसऱ्या दुकानात गेलो. काचेचं दार, थंडगार एसी, आणि दाखवणारा पोरगा प्रत्येक स्क्रीनला “सर, ही लेटेस्ट” म्हणणारा. त्याने आवाज वाढवला की माझी छाती हलायची. “कसं आहे, सर?” त्याने विचारलं. मी “भारी” म्हणालो आणि काही न घेता घरी आलो. काकांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना.

कारण आईचं न येणं हे आमच्या घरातलं एक दुखणंच होतं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, चुडाव्याला असायचा. अर्धांगवायूने वर्षभर खाटेवर होता. मी दर महिन्याला जायचो आणि दर वेळी तो उजव्या कोपरावर उठायचा प्रयत्न करत माझ्या मागे दाराकडे बघायचा. “अक्का न्हाई आली?” मी सांगायचो, पुढच्या वेळी येईल. आणि आई दर वेळी म्हणायची, “तुमी जाऊन या. मी घरीच बरी.”

माझी समजूत अशी की मामाच्या मुलीच्या लग्नात आईचा मानपानावरून काहीतरी रुसवा झाला असणार. मी तिला एकदा चांगलं सुनावलंही होतं. सख्खा भाऊ खाटेवर पडलाय आणि तू असली कसली बहीण, इतकं बोललो होतो. तिने ऐकून घेतलं आणि शेंगा निवडायला बसली.

शेवटी एका रविवारी चष्म्याच्या दुकानात जाऊ म्हणून आईला गाडीत घातलं आणि गाडी लिंबाखाली नेऊन उभी केली. काका तिच्याशेजारी मागे बसले. “चला, पेडगावच्या रस्त्याला. रोज लावता तेवढंच लावा सर. आमी हाओत म्हणून कमी करू नका.”

मी लावलं. गाडी गावाबाहेर पडली. बाजूला सोयाबीन उभं होतं, रस्ता मोकळा होता, गाणं छान होतं. बोटांनी स्टेअरिंगवर ताल धरून मी चाललो होतो. बऱ्याच वेळाने खांद्यावर जोरात थाप पडली. दचकून गाडी बाजूला घेतली आणि आवाज बंद केला.

“तीनदा थांबा म्हणलं,” काका म्हणाले.

मी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. वाईट बातमी ऐकल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते. ते आईकडे वळले.

“माय, कसं वाटायलंय?”

“बरं हाय,” आई म्हणाली. पदराचा बोळा तिने कानाशी धरला होता.

“बरं हाय म्हणू नका. कुठं त्रास व्हायलाय ते सांगा.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहून सांगितलं, “इथं. कानाच्या मागं. घण घातल्यावानी व्हतंय. दोन दिवस डोकं उतरत न्हाई. अन् पुढं ही दोघं काय बोलायलेत ते ऐकू येत न्हाई. हसायलेत तेवढं दिसतंय. मला वाटतंय, मलाच हसायलेत का काय.”

मागच्या काचेखालच्या फळीवर दोन मोठे अंडाकृती स्पीकर होते. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले. गाडी घेतली तेव्हा मला त्यांचं कोण कौतुक. ते बरोबर आईच्या कानामागे येत होते आणि तीन वर्षांत मी एकदाही मागे बसलो नव्हतो. गणिताचा मास्तर मी. वॅट मोजत बसलो आणि स्पीकर ते कान हे वीतभर अंतर मोजायचं राहिलं. मला तिथल्या तिथे रडायला आलं, आणि आईसमोर रडायची लाज वाटली म्हणून मी बोनेट उघडून उगाच आत बघत उभा राहिलो.

माझ्या तक्त्याचं काकांनी काय केलं ते सांगतो, कारण कुणाला डेक बसवायचा असेल तर उपयोगी पडेल. दहा इंची स्क्रीन गेली, सात इंची साधी आली. कॅमेरा गेला. “मागं बघायला मान हाय की.” पाच हजार वॅट तर गेलेच. वाचलेल्या पैशांत पुढच्या दारांत चांगले स्पीकर आले, आणि दारांच्या पत्र्याला आतून जाड चिकटपट्ट्या लावल्या, पत्रा थरथरू नये म्हणून. मागची फळी मोकळी झाली आणि मागच्या दारांत खाली, गुडघ्यापाशी, दोन छोटे स्पीकर बसले.

“लोक सगळा पैसा दिसणाऱ्या वस्तूत घालायलेत,” काका म्हणाले. “दिसतंय ते शेजाऱ्याला. ऐकायचं आपल्याला हाय.”

आणि शेवटी त्यांनी ते बटन बसवलं. पुढच्या दोन सीटांच्या मधे जो खोका असतो, त्याच्या पाठीला, मागे बसणाऱ्याचा हात सहज पोचेल असं. फक्त मागच्या स्पीकरांचा आवाज कमी-जास्त करणारं. कुठल्या तरी जुन्या रेडिओची पिवळट गोल चावी त्यावर चढवलेली. त्यांच्याकडून गेलेल्या प्रत्येक गाडीत ते असायचं, मागितलं तरी आणि नाही मागितलं तरी.

“मागच्याचं बटन मागच्याच्या हातात पाहिजे,” ते म्हणाले. “पुढच्याला वाटतंय गाडी त्याचीच हाय.”

पुढच्या रविवारी आई चुडाव्याला आली. मामाने कोपरावर उठायला सुरुवात केली आणि दारात अक्का दिसल्यावर तसाच मधे थांबला. दुपारभर दोघं बोलत बसली. लग्नातल्या रुसव्याचा त्यात एक शब्द नव्हता. तो रुसवा मीच तयार केला होता. मामा त्यानंतर दीड वर्ष होता आणि आई एकही महिना चुकली नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते टेस्टरने कान खाजवत म्हणाले, “मंग बरं झालं.”

पण मला एक किडा चावला होता. हा माणूस प्रत्येक गाडीत मागे का बसतो? दुकानावरून जाता-येता मी विचारायचो. एकदा म्हणाले, “पुढं माझं पोट मावत न्हाई.” एकदा म्हणाले, “मागं झोप चांगली लागती.” एकदा तर, “ज्योतिषानं सांगितलंय.” मी चिकाटी सोडली नाही, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. आधी जिंतूरच्या रस्त्याला काळीपिवळी जीप चालवायचे, एवढंच शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कळलं.

मग हळूहळू लिंबाखालची जागा रिकामी दिसायला लागली. नव्या गाड्यांत कंपनीचीच स्क्रीन येते, ती काढून दुसरी कोण बसवणार? काकांचा हातही थरथरायला लागला होता. गेल्या वर्षी त्यांनी शटर ओढलं. लेक नांदेडला होती, तिच्याकडे निघाले. स्टेशनला मी सोडतो म्हणालो, तर आईही चप्पल घालून तयार.

मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. ते सवयीने मागचं उघडून आईशेजारी बसले. त्यांनीच बसवलेला डेक, त्यांना ऐकून बरं वाटेल म्हणून मी गाणं लावलं, चांगलं मोठ्याने लावलं. आरशात दिसलं, आईने हात पुढे करून बटन पार बंद केलं. मग दोघं बोलायला लागली. मला गाण्यातून काही ऐकू येईना. काका मूठ वर करून गाडीच्या छताला लावत होते, सावकाश, पुन्हा पुन्हा. आई मान हलवत होती. मी घाईने आवाज कमी केला, तोवर काका म्हणत होते, “...तवापासून मागंच बसतोय, माय.”

दोन वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाठीमागे देऊन झालं होतं.

प्लॅटफॉर्मवर त्यांनी माझा हात हातात घेतला. “दार आपटत जाऊ नका सर, पट्ट्या सुटतात,” एवढंच बोलले आणि डब्यात चढले.

परतताना मी आईला विचारलं, तुला कसं सांगितलं त्यांनी?

“मी माझं सांगितलं, त्येनं त्येचं सांगितलं.”

मग तिने सांगितलं. काकांच्या जीपचा डेक जिंतूर रस्त्यावर गाजलेला होता. पोरं दुसरी जीप सोडून त्यांच्या जीपसाठी थांबायची. एकदा बाजार करून त्यांचे वडील मागे दारापाशी बसले होते, पुढच्या जागा पैसेवाल्यांना. गावचा फाटा आला तसा म्हाताऱ्याने छतावर मूठ मारली. पुन्हा मारली. मारतच राहिला.

“गाडी चालवताना त्येला वाटलं, मागं कुनीतरी गाण्यावर ताल धरलाय,” आई म्हणाली. “त्येनं आवाज आनखी वाढवला.”

पुढच्या फाट्याला गाडी थांबली तेव्हा म्हातारा उतरला आणि भर उन्हात डोक्यावर पीठ घेऊन तीन मैल मागे चालत आला. रात्री मुलाने विचारलं तर म्हणाला, फाट्यावरच उतरलो की. पुढच्या बाजारापासून तो एसटीने जायला लागला. का, तर एसटीतच बरं वाटतं. तो गेल्यावर तेराव्याला आलेल्या, त्या दिवशी जीपमध्ये असलेल्या एका शेजाऱ्याने खरं काय ते सांगितलं.

मी गाडी बाजूला घेतली. “आई, पुढे ये बसायला.”

“नको. मागंच बरी मी.”

मामाच्या आजारात वर्षभर तिचं “घरीच बरी” मी जसंच्या तसं घेतलं होतं. या वेळी इंजिन बंद केलं. “बरी म्हणू नको. पुढे काय त्रास होतो ते सांग.”

तिने गळ्याशी हात नेला. मग म्हणाली, “त्यो पट्टा गळ्याला कापतोय.”

सीटबेल्ट. काकांना विचारायला पाहिजे, त्यांनी काहीतरी तोड काढली असती, असं पहिल्यांदा मनात आलं, पण त्यांची रेल्वे सुटून दहा मिनिटं झाली होती. मग मीच उतरलो. बेल्ट वर जिथून निघतो तिथे चाचपलं, दाबलं, ओढलं. एक खटका होता. तो पट्टा वीतभर खाली सरकतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आई पुढे येऊन बसली. पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसला. “आता?” मी विचारलं. तिने मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि म्हणाली, “आता चल.”

गाडी सुरू केली आणि सवयीने आरशात पाहिलं. मागं कुणीच बसलं नव्हतं.