हरसूलची ब्लँकेटं

नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती सेवासंस्थेत भाषणं पाळकसाहेब करायचे. टेम्पो, माल, माणसं असं बाकीचं सगळं मंजुषाताई साळवे बघायच्या. फोटोत त्या कधी दिसल्या नाहीत.

१९९८च्या नाताळात आम्ही ब्लँकेटं घेऊन हरसूलजवळच्या पाड्यावर पोचलो, तर घरोघरी कड्या लावलेल्या. माणसं पिंपळगावला द्राक्षबागांच्या कामावर गेली होती.

"सरपंचांकडे ठेवू. परत आल्यावर मिळतील," पाळकसाहेब म्हणाले.

"तोवर उन्हाळा लागेल," म्हणत ताईंनी ड्रायव्हरला टेम्पो पिंपळगावकडे वळवायला सांगितलं.

"अहो, पण नाताळचा कार्यक्रम या गावात ठरलाय."

ताई पुढच्या सीटवर चढून बसल्या. "येशू जन्मला त्या रात्री मरीयासुद्धा स्वतःच्या घरी नव्हती, साहेब. बसा."