निळ्या हेल्मेटासाठी जागा

स्मारकाचा दगड आधी आला, जागा नंतर शोधावी लागली. दगड घडवणारा माणूस सांगितल्या वेळी काम करून देईल, अशी आमच्यापैकी कुणाचीच अपेक्षा नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त होतो. एका सकाळी टेम्पो दारात उभा राहिला आणि चौघांनी मिळून पुरुषभर उंचीचा काळा खांब आमच्या अंगणात उतरवला. खांबाच्या माथ्यावर दगडातच कोरलेलं हेल्मेट, आकाशी निळ्या रंगाचं. दुसऱ्या दिवशी पोदेर पाव द्यायला आला तेव्हा त्याने आधी हात जोडले आणि मग हा कुठला देव, म्हणून विचारलं.

आमचे हे सैन्यात हवालदार होते, ड्रायव्हर. नोकरीच्या मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला गेले आणि तिथे पाण्याचा टँकर चालवून आले. शेजारच्या गावचे सुभेदार भावोजी लेबनॉनला जाऊन आलेले. तिसरे डिचोलीचे. ते मूळचे कोल्हापूरकडचे. निवृत्तीनंतर खाणीवर ट्रक चालवायला म्हणून आले आणि इथेच घर बांधून राहिले. ते सुदानला होते. तिघे एकत्र बसले की आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, निम्मं जग गोळा व्हायचं आणि चहा मात्र मी एकटीने करायचा.

गेल्या पावसाळ्यात डिचोलीचे गेले. त्यांच्या तेराव्याला सुभेदार भावोजी म्हणाले की लढाईत गेलेल्यांची स्मारकं गावोगाव आहेत. लढाई होऊ नये म्हणून जे परक्या मुलखात जाऊन उभे राहिले, त्यांचं कुठे काही दिसत नाही. आपण करू या. ह्यांनी मान हलवली. मी शाळेत मराठी शिकवलेलं असल्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे येणार, हे तिथे बसल्याबसल्याच ठरून गेलं.

पहिली जागा डिचोलीची पाहिली. गेलेल्या माणसाचं गाव ते, त्याचा मान पहिला. रस्त्याला लागून मोकळी जागा होती, कुणाची हरकत नव्हती. जागा कशी दिसेल हे कळावं म्हणून सुभेदार भावोजींनी आपलं शांतिसेनेतलं जुनं निळं हेल्मेट आणलं होतं. ते एका कठड्यावर ठेवून आम्ही समोरच्या हॉटेलात भजी खायला बसलो. मधल्या वेळात खाणीचे ट्रक गेले, एकामागून एक. भजी संपवून परत आलो तर हेल्मेट खनिजाच्या धुळीने तांबडं झालेलं. सुभेदार भावोजींनी ते रुमालाने पुसलं, रुमाल झटकला आणि हेल्मेट पिशवीत घातलं. ह्यांनी एवढंच विचारलं, की रोज पुसायला कोण येणार.

मग केरीला गेलो. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सावली होती, वारा होता, पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसत होता. मला जागा फार आवडली. हेल्मेट एका कापलेल्या बुंध्यावर ठेवलं आणि आम्ही लांबून पाहतोय तोवर पर्यटकांचं एक जोडपं आलं. त्यातल्या मुलीने हेल्मेट डोक्यावर चढवलं, मुलाने फोटो काढले, आणि दोघांनी जाताना ते नीट होतं तिथे ठेवलं. त्यांना रागवायला काही कारणच नव्हतं.

जाळं विणत बसलेला एक म्हातारा हे सगळं पाहत होता. तो उठून आमच्याकडे आला आणि कशाला आलात ते त्याने विचारून घेतलं. इथे आम्ही होड्या ओढतो, खांब आडवा येईल, असं त्याने आधी सांगून टाकलं. मग ह्यांना विचारलं, "तुमी कोणावांगडा झुजलात?"

म्हणजे कोणाशी लढलात. हे म्हणाले, "कोणावांगडाच नाय."

"मगे हो फातर कित्याक?"

मग हा दगड कशाला, हे ऐकून सुभेदार भावोजींचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे असं तोंडावर विचारलं नसावं. ह्यांनी बुंध्यावरचं हेल्मेट उचललं. मग म्हणाले, "ते एकमेकांवांगडा झुजत होते. आमी मदी उभे रवलव."

म्हाताऱ्याने यावर विचार केला. मग तो म्हणाला की त्याच्या घरात दोन सुना आहेत, त्यामुळे हे काम केवढं कठीण ते त्याला ठाऊक आहे. होड्यांची जागा मात्र त्याने दिली नाही. निघताना रात्रीच्या कालवणाला म्हणून दोन बांगडे दिले.

तिसरी जागा तेरेखोलची. फेरीबोटीतून उतरलो तेव्हाच सुभेदार भावोजींनी छाती पुढे काढली होती. उंचावरची जागा, खाली नदी समुद्राला मिळते, डोळ्यांत मावत नाही एवढं आकाश. त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. हे म्हणाले, इथे कोण येणार? माणूस एकदा येईल, किल्ला पाहील आणि जाईल. स्मारक असं हवं की येताजाता टेकता आलं पाहिजे. सुभेदार भावोजी म्हणाले, स्मारक म्हणजे बाकडं नव्हे. हे म्हणाले, बाकडं असतं तर एव्हाना जागा मिळाली असती. फेरीबोट परत केरीला लागेपर्यंत दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

आणि ते बंदच राहिलं. दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये उभे राहिलेले हे दोन गृहस्थ शांतीचा खांब कुठे उभा करायचा यावरून एकमेकांचं तोंड पाहीनात. निरोप माझ्यामार्फत चालले. सुभेदार भावोजी फोन करून म्हणायचे, "वहिनी, हवालदारांना सांगा, मी तेरेखोलवर ठाम आहे." हे शेजारी बसून ऐकत असायचे आणि मला म्हणायचे, त्यांना सांग, दगड माझ्या अंगणात आहे. संयुक्त राष्ट्रांत काम करणाऱ्यांना पगार तरी मिळतो. दगडावर मी पायपुसणी वाळत घालू लागले, तेव्हा कुठे ह्यांना वाईट वाटलं. पण फोन काही त्यांनी केला नाही.

शिगम्याच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी आम्ही दोघं म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो. परतीच्या बसमध्ये सुभेदार भावोजीही चढले. ह्यांना पाहून ते मागे जाऊन बसले. मी पुढे बायकांच्या सीटवर, मांडीवर सुक्या मासळीची पिशवी. आमचं गाव आणि त्यांचं गाव जिथे मिळतात त्या तिठ्यावर बस थांबली आणि पुढे जाईना. समोर ढोलांचा गजर चालला होता. आमच्या गावचं रोंबाट, म्हणजे शिगम्याची ढोलांची मिरवणूक, इकडून आलं होतं, त्यांच्या गावचं तिकडून, आणि तिठा आधी कुणी ओलांडायचा यावर अडलं होतं. तो तिठा नेमका कोणत्या गावाचा हे भांडण माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. त्यापायी तिथे दिवा नाही, गवत कुणी कापत नाही, बसथांब्याला छप्पर नाही.

आधी आवाज चढले. मग एकाने दुसऱ्याच्या ढोलाला हात घातला आणि ढोल थांबले. ती शांतता मला आवडली नाही.

हे पुढच्या दाराने उतरले. खिडकीतून पाहते तर मागच्या दाराने सुभेदार भावोजी उतरलेले. दोघं गर्दीतून वाट काढत मधोमध गेले आणि एकमेकांकडे न बघता पाठीला पाठ लावून उभे राहिले. ह्यांचं तोंड आमच्या गावाकडे, भावोजींचं त्यांच्या. हातातल्या पिशव्या त्यांनी तशाच धरल्या होत्या; ह्यांच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती.

"हवालदार, तुमची बाजू सांभाळा," सुभेदार भावोजी म्हणाले.

"सांभाळतंय, साहेब."

कितीतरी दिवसांनी ते एकमेकांशी बोलले ते एवढंच. मला बसमध्ये एकदम रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं मी घाबरले, तिने माझा हात धरून ठेवला.

पुढचं काम त्यांनी फार सावकाश केलं. ह्यांनी आमच्या गावच्या ढोलवाल्याकडे प्यायला पाणी मागितलं. पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्याला बाजूला ढकलणं कठीण जातं. पाणी आणेपर्यंत ज्याने ढोलाला हात घातला होता त्याच्या आईची तब्येत सुभेदार भावोजींनी विचारून घेतली. मग त्यांनी निकाल दिला: आधी बस जाईल, कारण आतली माणसं घरी जायची आहेत. बसच्या मागून दोन्ही मेळ बरोबरीने निघतील, रस्त्याची डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. रस्ता अरुंद. दोन्हीकडचे ढोल एकमेकांत इतके मिसळले की पुढे कोण कुणाचं वाजवतंय हे कुणालाच कळेना. तक्रार करायला कुणाला जागाच राहिली नाही.

आमच्या गावचा वयस्कर गावकार मागे रेंगाळला होता. तो ह्यांना म्हणाला, "तो फातर हंयच उभो करा. तुमी हंयच उभे रवलात."

सुभेदार भावोजींनी तिठ्याकडे पाहिलं. गुडघाभर गवत, एक फुटकं गटार, ना समुद्र ना किल्ला. ते म्हणाले, दगडाला बसायला चौथरा मात्र रुंद घ्या, माणसांना टेकता आलं पाहिजे. हे लगेच म्हणाले, तोंड तेरेखोलच्या दिशेला ठेवू.

परवानगीची मला धास्ती होती, ती उगाच. आमच्या पंचायतीने तातडीने ठराव केला, कारण परवानगी दिली की तिठा आमचा हे आपोआप ठरतं. त्यांच्या पंचायतीला ते कळलं तेव्हा त्यांनीही न मागता परवानगी दिली. गवत दोनदा कापलं गेलं. दिवे दोन लागले, एकमेकांकडे तोंड करून, आणि डिचोलीच्या वहिनी उद्घाटनाला आल्या तेव्हा म्हणाल्या, आमच्या ह्यांना एवढा उजेड घरी कधी मिळाला नव्हता. बोलता बोलता त्यांनी पदराने हेल्मेटावरची धूळ टिपली.

आता चौथऱ्यावर बाजारहाट करून आलेल्या बायका बसतात, शाळेची मुलं चढतात. थांब्याला आजवर नाव नव्हतं, कुठल्या गावाचं द्यायचं म्हणून. आता कंडक्टर 'निळी टोपी, निळी टोपी' असा पुकारा करतो. सुभेदार भावोजी दर वेळी उतरताना त्याला थांबवून सांगतात की ती टोपी नव्हे, हेल्मेट आहे. तो आदराने ऐकून घेतो आणि घंटी मारतो.