थोराड नवरी

मेथी निवडताना आज बोटावर ढालकिडा चढला, लाल, काळ्या ठिपक्यांचा, आणि त्यानं सोडलेल्या पिवळ्या थेंबाच्या कडवट वासानं मला थेट भिंगारजवळच्या आमच्या करडईत नेलं. एकाहत्तरचा हिवाळा होता. नवं लग्न, आणि नवऱ्यापेक्षा मी चार बोटं उंच, म्हणून लोक हसतील या धाकानं खांदे पाडून चालायची. मावा किडीनं चिकट झालेल्या पानावर नणंदेला ढालकिड्यांची जोडी दिसली. "खालचा थोराड त्यो नवरा, वरची बारकी ती नवरी," ती म्हणाली. "व्हय, नवरा थोराडच आसतो," सासूबाईंनी दुजोरा दिला. मी खाली मान घातली. बऱ्याच वेळानं बारका किडा उडाला आणि थोराड पानाखाली शिरला. काटे सांभाळत मी पान जरासं कलतं केलं, तर हळदीसारखी पिवळी, राळ्याच्या दाण्याहून बारीक अंडी एकाशेजारी एक उभी राहत होती. आम्ही तिघी श्वास रोखून वाकलो. "अगं बया, ही तर बाई हाय!" सासूबाई पुटपुटल्या. मग माझ्याकडं वर पाहत म्हणाल्या, "ताठ चाल गं आता." आज बोटावर आलेली चांगली थोराड होती. तिला कढीपत्त्याच्या पानावर ठेवताना माझी म्हातारी पाठ आपोआप सरळ झाली.