ओटीपोटात दुखतंय म्हणून आलेल्या

डहाणू रोडला माझं सोनोग्राफी सेंटर आहे आणि आठवड्यातून दोनदा मी तलासरीच्या एका दवाखान्यात जाते. ओटीपोटात अचानक दुखायला लागलं की बायका माझ्याकडे येतात. रिपोर्टमध्ये चार ओळी जातात, बाकीचं सगळं माझ्याकडेच उरतं. असं उरता उरता किती साठलंय, ते मैत्रिणी जमल्या आणि चहा झाला की कळतं!

*

रानशेतची एक नवी सून आली होती, सासूबरोबर. मी सुनेला विचारलं, "कुठे दुखतंय?" सासूबाई स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगायला लागल्या, "हितं दुखतं, डाव्या बाजूला. मग पाठीत जातं."

सुनेसमोर सासूच बोलणार, हे मला सवयीचं. मी सुनेच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे जरा दाबलं तर सून किंचाळलीच. अपेंडिक्स सुजलं होतं.

मी म्हटलं, "आजी, दुखणं उजवीकडे आहे."

सासूबाई विचारात पडल्या. "मग डावीकडं माझं काय दुखतंय?"

दोघींचे रिपोर्ट करावे लागले.

*

या तपासणीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून आम्ही भरपूर पाणी प्यायला सांगतो. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं एक जोडपं बाकावर बसलं होतं. मध्येच एक इमर्जन्सी आली, त्यांना थांबावं लागलं. बाई चुळबुळत होती, ते समजू शकतं. पण नवराही पायावर पाय दाबून घामाघूम!

आमच्या वनितामावशी, म्हणजे पेशंटला आत घेणाऱ्या, त्याला म्हणाल्या, "तुम्हाला काय होतंय?"

"तिला एकटीला पाणी पिववेना. मी पण बरोबरीने प्यालो."

तिच्या अंडाशयातल्या गाठीत थोडं रक्त साचलं होतं, गोळ्यांवर भागलं. रिपोर्ट घ्यायला नवरा मात्र हजर नव्हता. तो आमच्या टॉयलेटमध्ये होता.

*

धाकटी डहाणू गावची एक मासेवाली पोट धरून आली. मावशी तिला आत घेतात तोवर कळ थांबली. "गेलं दुखणं, बाय. मी चालले, म्हावरं बाहेर हाय."

मी हाताला धरून झोपवलं. अंडाशयाला पीळ बसला होता, लगेच ऑपरेशन लागणार होतं. मध्येच कळ थांबली म्हणजे बरं झालं असं नसतं, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती एकाच गोष्टीवर अडून: "पाटी विकल्याबिगर जायची नाय!"

शेवटी वेटिंगमधल्या बायकांनीच पाटी रिकामी केली. मीही बाहेर येऊन मोठं पापलेट उचललं, तर आतून आवाज आला, "ते ठेवा. ते कापणाऱ्या डाक्टरला!"

*

तलासरीला एक कॉलेजची मुलगी आईबरोबर आली. अशा वेळी गर्भ राहिलाय का, हे विचारावंच लागतं आणि आईसमोर मुलगी काही बोलत नाही. म्हणून मी आईला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवते.

"ताई, जरा पाण्याची बाटली भरून आणता?"

आईने भरलेली बाटली मला दाखवली आणि उठली. "जाते मी. काय ते विचारून घ्या. माझ्या आईलापण असंच पाणी आणायला धाडलं होतं."

मुलीला मुतखडा निघाला.

*

तलासरीचाच शेवटचा. बाई वाचली, हे आधीच सांगते, नाहीतर तुमचं लक्ष लागणार नाही.

डोंगराकडच्या गावातली तिशीतली बाई, शेतात चक्कर येऊन पडलेली. अर्धं गाव जीपमध्ये भरून आलं होतं. लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं, पोटात रक्त. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. मी सर्जनला फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नवऱ्याला आत घेऊन सगळं सांगितलं.

"दिवस? कसे राहतील? ऑपरेशन झालंय."

"बाईचं नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावरही कधी कधी असा गर्भ नळीत राहतो," मी म्हटलं. पण तिच्या पोटावर टाक्याची खूणच नव्हती.

नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "तिचं नाय. माझं झालंय. गावाला ठाऊक हाय."

बाई डोळे मिटून पडली होती. बाहेर सासू आणि गाव.

मी म्हटलं, "पुरुषाचं ऑपरेशनही फेल जातं. क्वचित, पण जातं."

त्याने विचारलं, "फेल जातं ना? तुम्ही सांगता ना?"

"हो. पण बाहेर कुणाला काही सांगायची गरज नाही."

स्ट्रेचर बाहेर निघालं. त्याची आई पुढे आली. तो तिच्यासमोर उभा राहून गळा फाडून ओरडला, "आये, माझं ऑपरेशन फेल गेलं! हिला रक्त लागंल. कोण येतंय, बसा गाडीत!"

आई दचकली. "हळू बोल की. मला ऐकू येतं!"

"तुला नाय सांगत, आये. गावाला सांगतो!"